शूटिंगचं लगीन

नीराबाईचा आवाज पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतोच. बाई दिसायला एवढीशी, सुक्या बोंबलासारखी, आणि आवाज असा की न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलर तुंबलेले असोत, सगळे हॉर्न एकदम वाजत असोत, नाक्यावरून दिलेली तिची हाक थेट खाडीवर ऐकू जाते. गावात चेष्टा करतात की हिला मोबाईल कशाला लागतो. मोबाईल आहे तिच्याकडे. ती बोलायला लागली की पलीकडचा माणूस फोन कानापासून हातभर लांब धरतो, एवढंच.

या आवाजावरच तिचा मान. नीराबाई धवलारीण आहे. आता उरणच्या बाहेरच्या माणसाला धवलारीण म्हणजे काय ते सांगायलाच हवं. आमच्याकडं आगऱ्यांत लग्न लावायला बाई बसते. भटजी येतो, येवो बिचारा, त्याच्या मंगलाष्टका होऊ देत. पण ज्या घरात जुनं मानतात तिथं धवलारीण मांडवात बसून धवला म्हणते. धवला म्हणजे लग्नाचं गाणं. गावदेवापासून सुरुवात करून ती एकेका देवाला मांडवात बोलावते, नवरा कोणाचा नि नवरी कोणाची ते त्यांच्यापुढं सांगते, आणि तेव्हा कुठं लग्न लागलं असं समजतात. गंमत पुढंच आहे. हा मान विधवेलाही मिळतो. नीराबाईचा नवरा मिठागरावर कामाला होता, तो ऐन उमेदीत गेला, आणि सासूनं रडून झाल्यावर तिला समोर बसवून धवला शिकवला. सासू खमकी होती.

पण धवल्यावर चूल पेटत नाही, आणि आता बोलावतंय तरी कोण? पोर्टात जमिनी गेल्या, पैसा आला, बंगले उठले, आणि लग्न म्हणजे डीजे, ड्रोन नि हळदीचं मटण एवढंच उरलं. म्हणून नीराबाई आणि तिची सून काशी नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये तांदळाची भाकरी आणि मासळीचं कालवण विकायच्या. गिऱ्हाईक सगळं ट्रेलरवाल्यांचं. काशी भाकऱ्या थापायची आणि नीराबाई गिऱ्हाइकांना दम द्यायची. कालवणात मीठ कमी आहे असं एकदा म्हणालेला ड्रायव्हर पुन्हा तसं म्हणत नाही.

काशी म्हणजे नीराबाईच्या एकुलत्या एक लेकाची, ओंकारची बायको. ओंकार याच रस्त्यावर मोटरसायकलवरून ट्रेलरखाली गेला. मूलबाळ नव्हतं. काशीच्या माहेरी एक मामा तेवढा उरला होता, तो म्हणाला, तुमचं तुम्ही बघा. मग दोघींनीच एकमेकींना बघितलं. पहिलं वर्ष दोघी रोज रडल्या. पुढं एक रडायला लागली की दुसरी चूल सांभाळायची. आणि मग एक दिवस दोघी कोथिंबिरीवरून कडकडून भांडल्या, तेव्हा शेजाऱ्यांच्या जिवात जीव आला.

आणि मग चांगदेव आला. हा दिवेआगरचा. वीस सालच्या वादळात त्याची नारळी-सुपारीची वाडी आडवी झाली, तेव्हा पोटासाठी तो इकडं ट्रेलरवर लागला. उंचापुरा गडी, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. कितीतरी महिने तो रोज मुकाट्यानं भाकरी खाऊन गेला आणि एक दिवस म्हणाला, कालवण बरं असतं. काशी त्या दिवशी दुपारभर आपल्या आपण हसत होती. नीराबाई काय ओळखायचं ते तेव्हाच ओळखून बसली. पुढं वाडीत नव्यानं लावलेल्या सुपाऱ्या धरायला लागल्या, चांगदेवनं घरी परतायचं ठरवलं, आणि जायच्या आधी त्यानं काशीला रीतसर मागणी घातली. मागणी घातली ती सासूकडं. बाकी कोण होतं?

नीराबाईला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच. पोरीचं भलं होत होतं आणि घर रिकामं होत होतं. पण तिनं हो म्हणायला वेळ लावला नाही. आपण तरुणपणी काय भोगलं ते ती विसरली नव्हती, आणि तेच सुनेच्या नशिबी यावं एवढी ती दुष्ट नव्हती.

घोडं अडलं ते भावकीत. भावकीत शब्द चालतो धर्माजीचा. धर्माजी तिचा चुलत दीर, वयानं तिच्याहून धाकटा, पण पांढऱ्या सफारीनं आणि दारातल्या दोन गाड्यांनी गावचा मोठा माणूस झालेला. तसा वाईट नाही हो. अडल्यानडल्याला धावून येतो. त्यानं लग्नाला नाही म्हटलंच नाही. त्याचं म्हणणं एवढंच की विधवेचं लग्न पाट लावून होतं, तसंच व्हावं. अवसेच्या रात्री, मागल्या दारी. मांडव नको, वाजंत्री नको, धवला तर नकोच नको, आणि उजाडायच्या आत दोघांनी गाव सोडावं, म्हणजे अपशकुन नको. जुनी चाल आहे, तीत वावगं काय?

नीराबाईनं मान डोलावली. तिच्या सासूनं तिला हेच शिकवलं होतं की दुसऱ्या लग्नाला धवला म्हणायचा नसतो, देव येत नाहीत. काशीनं मात्र हातातली भाकरी परातीत आपटली.

"आये, मी कोनाच्या घरात चोरी केलीय?" ती म्हणाली. "रातचं लपून जायाचं आसंल तर मी जात न्हाय. हितंच भाकऱ्या थापीन जल्मभर."

आणि ती बोलली ते करणारी पोर होती. चांगदेव म्हणाला, थांबतो. पण त्याची आई तिकडं वाडीत एकटी, तिचे गुडघे गेलेले, तो थांबणार तरी किती? गाडी तिथंच रुतली. नीराबाई वरवर काशीला हट्टी म्हणायची आणि मनातून तिला माहीत होतं की पोरीचं खरं आहे. पण धवला कसा म्हणणार? सासूचा शब्द मोडायचा? देव नाही आले तर?

अशात प्राप्ती उगवली. ही पनवेलची पोर, खांद्याला कॅमेरा, पाठीला तीन पायांचा स्टँड, आणि पायात असले बूट की खाजणाच्या चिखलात उतरली तर बूट तिथंच राहावेत. साध्यासुध्या माणसांवर पाच-सात मिनिटांच्या डॉक्युमेंटरी करायची. कुठल्या सफाईवाल्या बाईवर, कुठल्या हक्काची जमीन मागणाऱ्या कातकऱ्यावर. विषय न्यायाचा असला तरी बघणारा रडत बसला नाही पाहिजे, हा तिचा नियम. उरणकडं एक विधवा बाई लोकांची लग्नं लावते हे तिच्या कानावर गेलं आणि ती बस पकडून आली.

पहिल्या दिवशी नीराबाई शूटिंगला ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसून, गळाभर सोनं घालून चुलीपुढं बसली. प्राप्तीनं घाबरत घाबरत सुचवलं की रोजच्यासारखं राहिलात तर बरं. नीराबाईनं तिला विचारलं, रोजचं तर येणारेजाणारे फुकट बघतात, तुझ्या पिक्चरमध्ये मग वेगळं काय? शेवटी रेशमी लुगड्यातच भाकऱ्यांचं शूटिंग झालं. मध्येच एका ट्रेलरवाल्यानं हॉर्न दिला. नीराबाईनं बसल्या जागेवरून त्याच्या आईबापांची चौकशी केली, आणि प्राप्ती हेडफोन काढून बराच वेळ कान चोळत राहिली. दोघींचं जमलं ते तिथंच.

मग प्राप्तीनं धवला म्हणायला सांगितलं आणि नीराबाईनं साफ नकार दिला. मांडव नाही, नवरी नाही, आणि देवांना बोलावून त्यांना काय कालवण-भाकरी वाढायची? एकदा बोलावले की लग्न लावायचंच असतं. उगीच बोलावून तसेच परत धाडले तर ते ऐकून घेतील का? प्राप्तीनं एक ओळ तरी गुणगुणा म्हणून गळ घातली. ओळ कसली, नीराबाईनं तोंडात पान कोंबलं आणि विषय संपवला.

प्राप्तीनं मग गाण्याचा नाद सोडून प्रश्न काढले. समाजानं तुमच्यावर अन्याय केला असं वाटतं का, हा पहिला. नीराबाई म्हणाली, समाज म्हणजे कोण गो, ही पलीकडची वेणूबाई का, तिची काय बिशाद! आणि मग तिची गाडी सुटली. कुठल्या गावात कोणाची लग्नं लावली, कुठं पावसानं मांडव उडाला तरी ती उठली नाही, कुठं नवरा पिऊन आला तेव्हा तिनं धवला थांबवून त्याला विहिरीवर नेऊन आंघोळ घालायला लावली, सगळं रंगवून रंगवून सांगितलं. आता धर्माजीचंच बघ, ती म्हणाली. पहिली बायको बाळंतपणात गेली बिचारी. मग वर्षाच्या आत ही वेणूबाई केली. दोन्ही लग्नांना मीच बसलेली. आणि दुसऱ्याला तर असा धवला झाला, असा रंगला, की देव नुसते...

इथं नीराबाई थांबली.

कॅमेरा चालू होता. नीराबाई चुलीकडं बघत बसली. दुसऱ्या लग्नाला देव येत नाहीत. मग धर्माजीच्या दुसऱ्या लग्नाला कोण आलं होतं? तिनंच तर बोलावलं होतं. एकेकाचं नाव घेऊन बोलावलं होतं. तेव्हा सासू शेजारी बसून मान डोलावत होती, आणि अख्ख्या भावकीनं अक्षता टाकल्या होत्या, भर दुपारी. पुरुषाचं दुसरं लग्न लग्न असतं आणि बाईचं दुसरं लग्न मागल्या दारचं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आयुष्यभर लग्नं लावून ध्यानात आलं नव्हतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. गेलेल्या सासूचाही आला, आणि देवांचाही थोडा आलाच.

तिनं प्राप्तीला कॅमेरा बंद करायला सांगितला, उठली, आणि चुलीपाशी काशी पीठ मळत होती तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"ऐतवारी," ती म्हणाली. "दिसाचं. फुडल्या दारी मांडव घालून. मी धवला म्हननार हाय."

काशी पिठाच्या हातांनी तशीच खाली बसली. तेवढ्यात प्राप्ती आत आली आणि काकुळतीनं सांगायला लागली की मावशी, माझ्यासाठी असं नका करू, डॉक्युमेंटरीत खोटं लग्न चालत नाही, अॅक्टिंग तर मुळीच नाही. नीराबाईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. तुझ्यासाठी कोण करतंय, तिनं विचारलं. आणि खोटं कोण म्हणालं? प्राप्तीला सगळं कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर ती काशीच्या शेजारी पिठातच बसली.

आता नीराबाई कितीही तोंडाळ असली तरी लपवाछपवी तिच्या रक्तात नाही. ती दुसऱ्याच दिवशी सकाळी धर्माजीच्या बंगल्यावर गेली. भांडायची तयारी करूनच गेली होती. काय बोलायचं ते वाटेवर घोकून ठेवलं होतं, आणि धर्माजीनं भावकीतून वाळीत टाकायची धमकी दिली तर त्याच्या लहानपणीच्या दोन-चार गोष्टीही काढायच्या ठरवल्या होत्या. धर्माजी झोपाळ्यावर चहा पीत होता. तिनं उभ्या उभ्या सांगून टाकलं की ऐतवारी काशीचं नि चांगदेवचं लगीन लावतेय, मांडवात, दिवसाढवळ्या, धवला म्हणून.

धर्माजी हसला. कपातला चहा सांडेपर्यंत हसला. म्हणाला, कळलं वयनी, कळलं, ती कॅमेरावाली पोर आलीय ना!

यात त्याची तरी काय चूक? आमच्या पट्ट्यात बारा महिने शूटिंग चालू असतं. आज या गावात हळदीच्या गाण्याचा अल्बम, उद्या त्या गावात. खोटी नवरी, खोटा नवरा, खोटा मांडव, आणि मागं नाचायला खरं गाव. धर्माजीनं स्वतः अशा तीन गाण्यांत नवरीचा बाप केला होता आणि ती गाणी मोबाईलवर पाहुण्यांना दाखवली होती. त्याच्या डोक्यात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. नीराबाईनं परत सांगितलं की भावोजी, हे शूटिंगचं नाही, खरं लगीन आहे. धर्माजीनं डोळा मारला. म्हणाला, असंच सांगायचं, म्हणजे लोक नैसर्गिक वागतात, मला काय शिकवता? आणि अंतरपाट धरायला मीच असणार, नवी सफारी शिवून आलीय.

नीराबाई घरी परतली ती बधिर होऊन. खरं बोलून माणूस एवढा फसेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं नळावर सांगितलं, बाया म्हणाल्या, आम्ही कुठल्या साड्या नेसायच्या? तिनं मासळीबाजारात सांगितलं, तिथल्या म्हणाल्या, आमचाही एक डान्स टाका. वेणूबाईनं घरी येऊन विचारलं की नथ घातली तर कॅमेऱ्यात चमकेल का. शेवटी नीराबाईनं हात टेकले. जेवढं सांगायचं तेवढं सांगून झालं होतं. आता कोणाला ऐकायचंच नसेल तर तिनं काय डोकं आपटून घ्यावं? काशी हसून हसून बेजार झाली, आणि मध्येच घाबरून गप्प बसायची. ऐन मांडवात कोणाला कळलं तर, ही भीती तिच्या पोटातून जाईना. नीराबाईच्याही जाईना, पण ती तसं दाखवणारी नव्हती.

ऐतवारी मांडव असा भरला की गावात धवला ऐकायला एवढी माणसं कितीतरी वर्षांत जमली नव्हती. बायका हिरव्या-पिवळ्या नऊवारीत, गडी माणसं टोप्या घालून, सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडं. प्राप्ती बिचारी हात जोडून सांगत फिरत होती की माझ्याकडं बघू नका. चांगदेवची आई दिवेआगरहून चारपाच नातेवाईक घेऊन आली होती. म्हातारी काशीच्या तोंडावरून हात फिरवून खरोखरची रडली, तर मागून कोणी तरी म्हणालं, ही मुंबईहून आणलीय वाटतं, काय काम करते! चांगदेवला मुंडावळ्या बांधल्या तेव्हा तो एवढा ताठ उभा होता की धर्माजीनं त्याला बाजूला घेऊन समजावलं, लाजल्यासारखं दिसलं पाहिजे रे, जरा अॅक्टिंग कर.

काशी हळदीच्या पिवळ्या साडीत आली. नीराबाईनं तिला पाहिलं आणि ओंकारच्या लग्नातली काशी तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. आज गळा गेला तर सगळं गेलं, म्हणून ती घोटभर पाणी प्यायली आणि बसली.

धर्माजीनं आणि गावातल्या आणखी एकानं अंतरपाट धरला. अलीकडं काशी, पलीकडं चांगदेव. नीराबाईनं डोळे मिटले आणि धवला काढला. तो आवाज पडद्यापल्याड गेला, मांडवापल्याड गेला, आणि रस्त्यावर उभे असलेले ट्रेलरवालेही केबिनमधून माना बाहेर काढून बघायला लागले. तिनं गावदेवाला बोलावलं. खाडीच्या देवाला, डोंगरावरच्या देवीला बोलावलं. मांडवातल्या म्हाताऱ्या बाया नकळत डोलायला लागल्या. त्यांना त्यांची लग्नं आठवत होती, कोणाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि शूटिंग वगैरे त्या विसरूनच गेल्या होत्या.

मग नाव घ्यायची जागा आली. धवल्यात ही जागा फार मोलाची. नवरीचं नाव, तिचं घर, ती कोणाची लेक, हे देवांना साक्षी ठेवून सांगायचं असतं. अल्बमच्या गाण्यात कोणीही राजा-राणी होतं, तिथं काय जातंय? पण धवल्यात खरं नाव, खरं घर खेळ म्हणून कोणी धवलारीण घेत नाही. जीव गेला तरी घेत नाही. हे मांडवातल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. सगळे कान देऊन थांबले की ही आता काय नाव घेते.

*नवरी कोनाची गो, कोन्या घरची?* नीराबाईनं विचारलं, आणि आपणच उत्तर दिलं. *नवरी काशी गो, नीरेची लेक. नीरेच्या घरची, ओंकारच्या दारची.*

इतक्यांदा सांगून कोणाला जे कळलं नव्हतं ते एका ओळीत सगळ्यांना कळलं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. नीराबाई थांबली नाही. तिनं चांगदेवचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं, दिवेआगरचं घेतलं, आणि धवला पुरा केला. आता फक्त अंतरपाट खाली यायचा राहिला होता.

तो येईना. धर्माजीनं दोन्ही मुठींनी कापड घट्ट धरलं होतं. त्याचं तोंड लाल झालं होतं. त्याला राग तरी कोणाचा यावा? आपलाच येत असणार. कापडाच्या अलीकडं काशी अजून तशीच उभी होती. एवढं सगळं झालं आणि या कापडाच्या तुकड्याशी अडलं, असं नीराबाईच्या मनात आलं. ती उठून त्याच्यापुढं गेली. तिनं आवाज चढवला नाही.

"भावोजी, मी तुमच्या दोनी लग्नांना धवला म्हटलाय," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या येळी कोनी मला मागल्या दारी बसवली नवती."

धर्माजीनं एकदा वेणूबाईकडं पाहिलं. तीच ती दुसऱ्या लग्नाची बायको, नाकात चमकती नथ घालून पहिल्या रांगेत बसलेली. ती त्याच्या नजरेला नजर देईना. तेव्हा त्याचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. चाललं ते चालू दे तुमचं, मी यात नाही, असं ओरडून त्यानं हातातलं कापड रागानं जमिनीवर भिरकावलं आणि तो तरातरा निघाला.

पण माणसानं निघण्याआधी जरा विचार करावा. दुसऱ्याच्या हातातलं टोकही सुटून अंतरपाट खाली पडला होता. काशी आणि चांगदेव समोरासमोर उभे होते. आणि एकदा अंतरपाट खाली आला की या गावातल्या माणसाचे हात आवरत नाहीत, ते जन्माच्या सवयीनं वर जातात. पहिल्यांदा म्हाताऱ्या बायांनी अक्षता टाकल्या, मग त्यांच्या मागच्यांनी, मग सगळ्यांनी. ढोलवाल्यानं ढोल बडवला. धर्माजी मांडवाच्या तोंडाशी पोचला होता, त्याच्या सफारीवरही अक्षता पडल्या. त्यानं मागं वळून पाहिलं तोवर चांगदेवनं काशीच्या गळ्यात हार घातलेला होता. लग्न धर्माजीच्याच हातानं पुरं झालं होतं, आणि ते त्यालाही कळलं. तो तिथं उभा राहिला नाही.

इथवर सगळं बरं झालं. मग ओटी भरायची वेळ आली, आणि पुन्हा अडलं.

ओटी सवाष्णीनं भरायची असते. हळदकुंकवाला, ओटीला हात लागतो तो नवरा असलेल्या बाईचा. धवलारणीचा मान मोठा, पण तो गळ्याचा. आयुष्यभर लग्नं लावली तरी नीराबाईनं कधी नवरीच्या कपाळाला बोट लावलेलं नाही. धवला संपला की ती आपली उठून बाजूला बसायची. ओटीचा पहिला मान जावेचा, म्हणजे वेणूबाईचा. वेणूबाई नवऱ्यामागं जायला उठली होती खरी, पण दोन पावलांवर थबकली होती, धड जाईना, धड येईना. आणि ती पुढं होईना म्हणून बाकीच्या सवाष्णी जागच्या हलेनात. ताटात तांदूळ, खण, नारळ, कुंकू सगळं तसंच होतं. काशी पदर पसरून चौरंगावर बसली होती. कोणीच आलं नाही. तिनं मान खाली घातली, आणि तिचे खांदे हलायला लागले.

नीराबाईला ते बघवेना. एवढं भर दुपारी लग्न लावलं, देव आले, अक्षता पडल्या, आणि पोरगी रिकाम्या ओटीनं निघणार? तिनं सवाष्णींकडं पाहिलं. कोणाकडं मागायचं तिच्या स्वभावात नव्हतं, तरी त्या क्षणी ती मागणार होती.

काशी चौरंगावरून उठली. सगळ्यांच्या देखत ती नीराबाईपुढं येऊन गुडघ्यांवर बसली आणि तिनं पदर पसरला.

"आये, तू भर," ती म्हणाली.

नीराबाई मागं सरकली. नको गो बाय, माझा हात नको, तुझं वाईट होईल, असं ती पुटपुटली. खरंच घाबरली होती ती. तोंडानं जगाला दम देणारी बाई स्वतःच्या हाताला घाबरली होती. काशी हलली नाही. पदर तसाच धरून बसली. मग नीराबाईनं ताट ओढलं. ओंजळीत तांदूळ घेतले तर निम्मे जमिनीवर सांडले. तिनं पुन्हा घेतले. खण ठेवला, नारळ ठेवला. कुंकवाच्या करंड्यावर तिचं बोट थोडा वेळ थांबलं. मग तिनं बोट बुडवलं आणि काशीच्या कपाळावर टेकवलं, आणि ते तिनं तिथून लवकर उचललं नाही.

"माज्या पोरानं आनली व्हती," ती म्हणाली. "माज्या हातानं धाडतंय."

आणि मग ती रडली. काशीही रडली, चांगदेवची आई रडली, आणि प्राप्ती तर कॅमेरा स्टँडवर सोडून खांबाला धरून रडत होती, नियम गेला खड्ड्यात. एवढ्यात कोणी तरी नीराबाईच्या खांद्याला हात लावला. तिनं पाहिलं तर वेणूबाई उभी होती. नवरा गेला त्या वाटेकडं तिची पाठ होती.

"वयनी, सरका जरा," ती म्हणाली. "माज्या हातची ओटी ऱ्हायलीय भरायची."

नीराबाईनं डोळे पुसले आणि सरकून तिला जागा दिली. वेणूबाईच्या मागं बाकीच्या सवाष्णी रांगेत उभ्या राहायला लागल्या.